पाचारण आणि घर

गेल्या वर्षीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें हातची नोकरी सोडून पाळकपदाच्या शिक्षणासाठीं धर्मविद्यालयांत नांव घातलें. त्याच्या मातोश्री आमच्याकडे आल्या. त्या स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती. मुलाच्या निश्चयास त्यांचा विरोध नव्हता. 'त्याला देवानें बोलावलें हें मी मानतें. पण घरांतल्या आम्हां इतरांना कोणी विचारलें का?' एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. मात्र त्या निमित्तानें लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' आम्हीं पुन्हां हातीं घेतलीं, आणि पूर्वीं लक्षांत न आलेला त्यांतील एक विशेष या खेपेस ठळकपणें दिसला. तो वाचकांपुढें मांडावा असें वाटतें.

ख्रिस्ती समाजांत 'पाचारण' हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. धर्मोपदेश हा पोटासाठीं पत्करावयाचा धंदा नव्हे. ईश्वर माणसास हांक मारतो, ख्रिस्तमंडळी ती हांक पारखून घेते आणि मगच त्यास दीक्षा देते, अशी त्यामागची भावना आहे. या हांकेचें वाङ्मय साहजिकच ती ऐकणारांनीं लिहिलें. बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'चें नांवच पुरेसें बोलकें आहे. संशय, शोध, झगडा आणि अखेर प्रकाश, अशी या आत्मवृत्तांची चाल असते. तीं प्रामाणिक असतात. पण ज्यास प्रकाश दिसला त्याच्याच दृष्टीनें लिहिलेलीं असतात. त्याच वेळीं ज्यांच्या घरांत अंधार झाला, त्यांची साक्ष क्वचितच नोंदली जाते.

१९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रें' या पुस्तकाचें महत्त्व येथें आहे. नारायण वामन टिळकांस नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें 'नवा करार' दिला, आणि १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या चरित्रकारास ही वाटचाल सरळ दिसेल. लक्ष्मीबाईंना मात्र ती वार्ता वज्रपातासारखी वाटली. पति जिवंत असून संसार नाहीं, पदरांत लहान मूल, आणि भोंवतालीं कींव करणारे आप्त, अशा स्थितींत त्यांचीं पुढचीं कांहीं वर्षें गेलीं. पाचारण एकास झालें. त्याची किंमत दुसऱ्या जिवास मोजावी लागली.

परंतु लक्ष्मीबाई फिर्याद मांडीत नाहींत, आणि पतीची आरतीही ओवाळीत नाहींत. टिळकांचा शीघ्रकोप, त्यामागून येणारा तितकाच उत्कट पश्चात्ताप, हातांत आलेला पैसा दुसऱ्यास देऊन टाकण्याची संवय, न सांगतां घरांतून निघून जाणें, हें सारें त्या हंसत हंसत सांगतात. कांहीं वाचकांस यामुळें टिळकांचा मोठेपणा उणावल्यासारखा वाटतो. आमचें मत उलट आहे. व्यासपीठावरील साधुत्व पुष्कळांस साधतें. ज्या माणसाचें वेड स्वयंपाकघरांतून पाहिल्यावरही त्याच्याविषयींचा आदर टिकतो, त्याच्या हांकेंत कांहीं तरी खरें असलें पाहिजे. लक्ष्मीबाईंचा विनोद ही आमच्या मतें या पाचारणाची अत्यंत कठोर, आणि म्हणूनच अत्यंत विश्वसनीय परीक्षा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट त्यांच्या स्वतःच्या धर्मांतराची. पतीकडे परत आल्यावरही त्या सोवळें पाळीतच राहिल्या. पुढें, जातिभेद हा मनुष्यानें केला, ईश्वरानें नव्हे, असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि सोवळें गळालें; ख्रिस्तावरील विश्वास त्यानंतरचा. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तो पतीची छाया म्हणून नव्हे. आम्ही समजतों, या पुस्तकाचें हृद्गत हेंच आहे. एकास आलेली हांक दुसऱ्यावर लादतां येत नाहीं. ती ज्याची त्यानें, ज्याच्या त्याच्या वेळीं, ऐकावी लागते. सुवार्ताप्रसारावर लिहिलेल्या जाड ग्रंथांतून हें सत्य इतक्या स्वच्छपणें आम्हांस आढळलें नाहीं.

टिळकांसही तें आपल्या परीनें उमगलें असावें. १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली होती; पण १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं 'देवाच्या दरबारा'ची कल्पना मांडली, आणि तींत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांही ख्रिस्तभक्तांस स्थान ठेवलें. पहिल्या हांकेनें त्यांची जात सुटली, दुसरीनें पगार सुटला. १९१९ सालीं ते वारले तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. तें पुढें नेणाऱ्या लक्ष्मीबाई कधीं शाळेंत गेल्या नव्हत्या! जिला कोणी विचारलें नव्हतें, तिनेंच राहिलेलें काम आपलें म्हणून उचललें.

पुस्तकांत उणीव नाहीं असें नव्हे. टिळकांच्या श्रद्धेचा आंतला इतिहास त्यांत फारसा सांपडत नाहीं; त्यासाठीं 'अभंगांजली'कडेच वळावें लागतें. पण जें लक्ष्मीबाईंनीं पाहिलें नाहीं तें त्यांनीं लिहिलें नाहीं, हा त्यांचा गुणच म्हणावा लागेल. २०१७ सालीं शांता गोखले यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर निघालें असून हें पुस्तक मराठी न जाणणारांसही खुलें आहे. तें स्त्रीजीवनाचें चित्र म्हणून वाचलें जातें, आणि तसें वाचावेंही. तथापि धर्मविद्यालयांत पाळकपदाची तयारी करणाऱ्या तरुणांनीं तें वाचल्यास त्यांस अधिक लाभ होईल, असें आम्हांस वाटतें.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं आमची प्रत दिली. उपदेश कांहीं केला नाहीं. वाचून झाल्यावर ती आईच्या हातीं द्यावी, इतकेंच सांगितलें.