नीतीची शिडी आणि तिची फूटपट्टी

हाइन्झची गोष्ट बी.एड.च्या अभ्यासात अनेकांनी वाचली असेल. पत्नी कॅन्सरने मरणाच्या दारात. औषधाचा खर्च २०० डॉलर, औषधवाला मागतो २०००, हाइन्झकडे जमतात १०००. त्याने औषध चोरावे का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी असे प्रश्न ७२ मुलग्यांना विचारून १९५८ साली प्रबंध लिहिला. त्यातून पुढे नैतिक विचाराची सहा पायऱ्यांची शिडी उभी राहिली. उत्तर कोणते यापेक्षा कारण कोणते, यावर पायरी ठरते. शिक्षेची भीती तळाशी, सार्वत्रिक न्यायतत्त्व माथ्यावर.

आमचा आक्षेप आहे तो 'वरची' या शब्दाला. मुलांचा विचार क्रमाने बदलतो, हे निरीक्षण झाले. ते तपासता येते. पण नंतरचे म्हणून अधिक चांगले, हे त्यातून निघत नाही. केसही नंतरच पांढरे होतात!

कॅरोल गिलिगन यांनी १९८२ च्या पुस्तकात अकरा वर्षांच्या एमीचे उत्तर दिले आहे. ती म्हणते, चोरी नको आणि पत्नीही मरू नये. बोलून मार्ग काढावा. शिडीवर तिला जेक या मुलापेक्षा खालची जागा मिळते. मुली एकूणच खाली राहतात, असे मात्र दिसत नाही. वॉकर यांच्या १९८४ च्या आढाव्यात असा फरक क्वचितच आढळला. अधिक बोलका आहे तो स्नेरी यांचा १९८५ चा आढावा. २७ समाजांतील ४५ अभ्यासांत खालच्या पायऱ्या जवळजवळ सर्वत्र सापडल्या, वरच्या मात्र खेड्यांतील समाजांत सापडेनात. मग खेडूत नीतीने कमी, की फूटपट्टी शहरी? सहावी पायरी तर इतकी दुर्मिळ ठरली, की १९८७ च्या गुणांकन-पुस्तिकेतून ती गळलीच.

कोलबर्ग यांच्यापाशी शिडीहून भक्कम अशी एक कसोटी होती: जागांची अदलाबदल. निर्णय घेणाऱ्याने प्रत्येकाच्या जागी बसून पाहावे. तरीही तो मान्य होतो का? दोन नीतिव्यवस्थांची तुलना करायला आम्हाला हीच कसोटी उपयोगी वाटते, कारण तिच्यात कोण पुढारलेला हे आधी ठरवावे लागत नाही. तिनेही सारे प्रश्न सुटत नाहीत. औषधवाला ऐकलाच नाही तर एमीचा मार्ग खुंटतो.

पण वर्गातल्या पुष्कळ नियमांना ती पुरते. एकाने काच फोडली, शिक्षा साऱ्या वर्गाला. एका शिक्षकाला उशीर झाला म्हणून साऱ्यांचा पगार कापला, तर शिक्षकखोलीत हा नियम कितीजणांना पटेल?