घडवलेले सैन्य, राहिलेला जाब : लायबेरियातील सुरक्षा-सुधारणेवरील लेखनाविषयी

लायबेरियाविषयी आपल्याकडे जे थोडेफार छापून आले, त्यातले बरेचसे एका छायाचित्राभोवती फिरते. २००७च्या जानेवारीत केंद्रीय राखीव पोलीस दलातील शंभरावर महिला संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिमोहिमेत दाखल झाल्या. निळ्या टोप्या, हातात शस्त्रे, शिस्तीत उभ्या रांगा. केवळ महिलांची सशस्त्र पोलीस तुकडी अशा मोहिमेत जाण्याची जगातली ती पहिलीच वेळ. सीमा धुंडिया तिच्या पहिल्या प्रमुख. पुढे फेब्रुवारी २०१६पर्यंत तुकड्या बदलत राहिल्या, छायाचित्र मात्र तेच राहिले.

त्या अभिमानात खोटे काही नाही. पण त्या महिला ज्या मोठ्या कामाचा भाग होत्या ते काम नेमके काय होते, आणि ते साधले का, हे शोधू लागलो तेव्हा छायाचित्र फारसे उपयोगी पडेना. म्हणून सुरक्षा परिषदेचे ठराव, सरचिटणीसांचे ठरावीक मुदतीने निघणारे अहवाल आणि तीन-चार पुस्तके असा वाचनाचा क्रम लावला. लायबेरिया मी पाहिलेला नाही. कागद पाहिले आहेत आणि कागदांविषयीच बोलणार आहे. या सगळ्या लेखनात सैन्य आणि पोलीस कसे घडवले याचे वर्णन भरपूर आहे. घडल्यावर ते जाब कोणाला देणार, हा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी उशिरा येतो आणि लवकर आटोपतो. लायबेरियाचे मूळ दुखणे तर नेमके तेच होते.

ते दुखणे थोडक्यात सांगायला हवे. १९०८ साली स्थापन झालेल्या ‘फ्रंटियर फोर्स’चे काम होते अंतर्भागातील जमातींना किनाऱ्यावरच्या सत्तेखाली ठेवणे आणि त्यांच्याकडून झोपडीपट्टी नावाचा कर वसूल करणे. (आपल्याला ‘झोपडपट्टी’ वेगळ्या अर्थाने ठाऊक आहे, हा दर झोपडीमागे द्यायचा कर.) किनाऱ्यावरची सत्ता म्हणजे अमेरिकेतून परतलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज. १४ एप्रिल १९७९ रोजी तांदळाच्या दरावरून निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. वर्षभराने, १२ एप्रिल १९८०ला, सॅम्युएल डो नावाच्या सार्जंटने सत्ता घेतली आणि पुढे सैन्यात स्वतःच्या क्रान जमातीची माणसे भरली. त्याच सैन्याने २९ जुलै १९९०ला मोन्रोव्हियातील एका ल्युथरन चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या सुमारे सहाशे माणसांना मारले. १९९७मध्ये निवडून आलेल्या चार्ल्स टेलरने हे सैन्य नुसते सडू दिले आणि शेजारी स्वतःचे ‘दहशतवादविरोधी पथक’ उभे केले. म्हणजे या देशात गणवेशधारी माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. गणवेशावर कोणाचा अंकुश नव्हता, एवढेच.

टेलरने ११ ऑगस्ट २००३ला पद सोडले. आठवड्याने अक्रा येथे शांतिकरार झाला आणि १९ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेचा १५०९ क्रमांकाचा ठराव आला : १५ हजारांपर्यंत सैनिक, १,११५ पोलीस. ठरावाची भाषा वाचण्यासारखी आहे. त्यात संयुक्त राष्ट्रसंघ पोलिसांची पुनर्रचना ‘करत’ नाही, हंगामी सरकारला ‘सहाय्य’ करतो. नव्या सैन्याच्या उभारणीतही ‘सहाय्य’च. प्रत्यक्षात ते हंगामी सरकार युद्धातल्या गटांनीच वाटून घेतलेले होते. त्याला सहाय्य करायचे म्हणजे निर्णय दुसऱ्याने घ्यायचा आणि सही त्याची घ्यायची. शिवाय अक्रा करारातच विभागणी झाली होती. सैन्याच्या फेररचनेत पुढाकार अमेरिकेने घ्यावा, अशी विनंती करारावर सह्या करणाऱ्यांनीच लिहून ठेवली. पोलीस आले संयुक्त राष्ट्रसंघाकडे.

मराठी वाचकाला ‘सुधारणा’ म्हटले की आगरकरांचा ‘सुधारक’ आठवतो, आणि आधी सामाजिक की आधी राजकीय हा वादही. त्या वादात एकमेकांवर तुटून पडणारी माणसे त्याच समाजातली होती, हे आपण गृहीत धरतो. लायबेरियात क्रमाचा वाद झालाच नाही. क्रम वेळापत्रकाने ठरवला : आधी बंदुका, मग गणवेश, मग पैसे उरले तर न्यायालये.

बंदुकांचे प्रकरण मी लांबवत नाही, पण त्याचे आकडे बोलके आहेत. ७ डिसेंबर २००३ला पहिल्या छावणीत पुरेशी तयारी नसताना हजारो लढवय्ये आले, पैशांवरून दंगल झाली, काम थांबले, ते एप्रिल २००४मध्ये पुन्हा सुरू झाले. अंदाज होता सुमारे ३८ हजारांचा. नोंद झाली एक लाखाहून अधिक जणांची. जमा झालेली शस्त्रे सुमारे २८ हजार. बंदूक नसली तरी दीडशे काडतुसांवर नाव लागत होते, आणि नाव लागले की दोन हप्त्यांत तीनशे डॉलर. अहवालांत ही संख्या यश म्हणून येते. यादी कोणी केली आणि नावे कोणी सुचवली, हे विचारले की उत्तर बहुधा जुन्या टोळीप्रमुखांपाशीच येऊन थांबते.

आता सैन्य. शॉन मॅकफेट यांचे ‘बिल्डिंग बेटर आर्मीज’ (२०१३) हे या विषयावरचे सर्वांत वाचनीय पुस्तक, आणि म्हणूनच सावधपणे वाचायचे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने लायबेरियाचे नवे सैन्य उभारण्याचे कंत्राट डाइनकॉर्प या खासगी कंपनीला दिले. मॅकफेट त्या कंपनीत होते, आणि उपशीर्षकातच ‘आतल्या माणसाचा वृत्तान्त’ असे लिहून ते हे उघड करतात. जुने सैन्य पूर्ण विसर्जित करून कोऱ्या पाटीवर नवे लिहायचे, ही त्यांची भूमिका. जुन्या सैनिकांचे थकबाकीसाठीचे मोर्चे हा त्या कोऱ्या पाटीचा दुसरा भाग.

पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग उमेदवारांच्या पारखीचा आहे. सरकारी दप्तरे युद्धात नष्ट झालेली, जन्माचा दाखला नाही, गुन्ह्याची नोंद नाही. मग माणूस पारखायचा कसा? कंपनीने उमेदवारांची छायाचित्रे जाहीर लावली आणि कोणाची तक्रार असेल तर सांगा, असे लोकांना आवाहन केले. परदेशी आणि लायबेरियन तपासनीस जोडीने गावोगाव जाऊन शेजारपाजाऱ्यांना विचारत. अर्ज करणाऱ्यांपैकी बहुसंख्य नाकारले गेले. ज्या लोकांना सैन्याने आजवर फक्त छळले, त्यांना प्रथमच सैनिकाविषयी ‘हा नको’ म्हणता आले. संपूर्ण सुधारणेत जाबाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच, असे माझे मत आहे. भरती संपली आणि तीही संपली. मॅकफेट तिला छाननीचे तंत्र मानतात. एकदा लोकांना विचारण्याची सोय केली, तर ती कायम का ठेवू नये, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

का पडत नाही, ते कंत्राटाच्या रचनेत आहे. करार वॉशिंग्टन आणि कंपनी यांच्यात; लायबेरियाचे सरकार त्यात पक्षच नव्हते. २००६च्या जानेवारीत एलन जॉन्सन सर्लिफ निवडून आलेल्या अध्यक्ष म्हणून बसल्या, निवडून आलेले विधिमंडळही होते. तरी त्यांच्याच देशाचे सैन्य घडवणारी कंपनी त्यांना नव्हे तर परराष्ट्र खात्याला उत्तरदायी होती. प्रशिक्षण २००६मध्ये सुरू झाले आणि सैन्याचे काम ठरवणारा राष्ट्रीय संरक्षण कायदा मंजूर झाला २००८मध्ये. सैनिक आधी, कायदा नंतर. सैन्याचे प्रमुखपद तर फेब्रुवारी २०१४पर्यंत नायजेरियन अधिकाऱ्यांकडे होते. रँड संस्थेचा ‘मेकिंग लायबेरिया सेफ’ (२००७) हा अभ्यास देशाच्या सर्व दलांचा एकत्र विचार करतो आणि त्यांच्या कामांची वाटणी शहाणपणाने मांडतो. पण तोही मूलतः दलांचा आराखडा आहे. नागरिक त्यात ‘संरक्षण द्यायचे ते’ म्हणून येतात, दलांना प्रश्न विचारणारे म्हणून क्वचितच.

सैन्य झाले दोन हजारांचे. नागरिकाचा रोजचा संबंध पोलिसांशी, आणि तिथे पारख सैन्याइतकी कडक नव्हती. ३,५०० पोलिसांचे उद्दिष्ट २००७च्या मध्यावर पूर्ण झाले. २०१३मध्ये ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने लायबेरियन पोलिसांवर अहवाल काढला. तक्रार घेऊन आलेल्याकडे पेट्रोलचे पैसे मागणे, मोटरसायकलवाल्यांना अडवून वसुली करणे, हे त्यातले नित्याचे चित्र. प्रशिक्षणाचे तास भरले होते. ठाण्यात गाडी नव्हती, असली तर इंधन नव्हते. वाचताना आपल्याकडचे वाचक फार चकित होतील, असे मला वाटत नाही.

इथे आपल्या छायाचित्राकडे परत येतो. भारतीय महिलांची तुकडी लायबेरियन पोलिसांना प्रशिक्षण देण्यासाठी नव्हती. अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेरचा पहारा, रात्रीची गस्त, जमाव आवरणे ही तिची कामे. तिला पाहून स्थानिक मुली पोलिसात आल्या, हे सर्लिफ यांनी स्वतः सांगितले आहे आणि पोलिसांतील महिलांचे प्रमाणही त्या काळात वाढले. लेस्ली प्रुइट यांचे ‘द विमेन इन ब्लू हेल्मेट्स’ (२०१६) याच तुकडीवर आहे. त्या तुकडीचे मोल मानतात, पण स्त्रिया मुळातच मवाळ आणि शांत म्हणून त्यांना पाठवा, या युक्तिवादावर त्यांचा विश्वास नाही, आणि ते बरोबरच आहे. जमाव पांगवण्यासाठी आलेल्या सशस्त्र दलाला मातृत्वाचा मुलामा देणे त्या दलावरही अन्याय आहे. सबरीना करीम आणि काइल बिअर्डस्ली यांचे ‘इक्वल ऑपॉर्च्युनिटी पीसकीपिंग’ (२०१७) पुढे जाते : संख्या वाढवल्याने संस्थेचे वळण बदलत नाही, आणि मोहिमांत महिलांना धोक्याच्या जागांपासून दूर ठेवले जाते. दोन्ही पुस्तके एकत्र वाचली तर अभिमान कमी होत नाही, त्याचा पत्ता बदलतो. तो त्या महिलांचा आहे. आपल्या पोलीस-व्यवस्थेचा नाही.

कारण तारखा पाहा. २२ सप्टेंबर २००६ला सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात पोलीस-सुधारणेचे सात निर्देश दिले. राज्य सुरक्षा आयोग, तक्रार प्राधिकरण, बदल्यांतला हस्तक्षेप थांबवणे, अशी ही यादी; तिचा गाभा पोलिसांनी जाब कोणाला द्यायचा हाच. चार महिन्यांनी आपली तुकडी मोन्रोव्हियात होती. महाराष्ट्राने तक्रार प्राधिकरणाची तरतूद कायद्यात आणली २०१४मध्ये. परदेशात सुधारणेचा चेहरा झालेल्या देशात घरच्या सुधारणेवर तारखा पडत होत्या. दोन बातम्या शेजारी ठेवून वाचणारा मजकूर मला तरी त्या वर्षांत आढळला नाही.

सुधारणेची खरी परीक्षा २०१४मध्ये झाली, आणि ती कोणत्याच आराखड्यात नव्हती. इबोलाची साथ पसरली, ऑगस्टमध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि २० तारखेला मोन्रोव्हियातील वेस्ट पॉइंट या दाट वस्तीला सैनिक आणि पोलिसांनी वेढा घालून बंद केले. २००८च्या कायद्यात स्पष्ट आहे की शांततेच्या काळात सैन्याने पोलिसी काम करायचे नाही. पोलिसांनी मागितली आणि अध्यक्षांनी मान्य केली, तरच मदत. वस्तीत दगडफेक झाली, गोळीबार झाला, पायाला गोळी लागलेला एक पंधरा वर्षांचा मुलगा दगावला. दहा दिवसांनी वेढा उठला.

१९९०च्या चर्चमधील हत्याकांडाशी याची तुलना करणे अन्यायाचे होईल. या वेळी चौकशी झाली, काही सैनिक दोषी ठरले. पण दोषी ठरवणारे मंडळ सैन्याचेच होते, आणि शिक्षा म्हणजे काही दिवसांची कोठडी आणि पदावनती. ज्यांनी काही वर्षांपूर्वी भिंतीवरची छायाचित्रे पाहून ‘हा नको’ सांगितले होते, त्या लोकांना या निकालात जागा नव्हती. त्याच वर्षी, २८ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने केवळ सुरक्षा-क्षेत्र सुधारणेवरचा आपला पहिला स्वतंत्र ठराव मंजूर केला होता, क्रमांक २१५१. राष्ट्रीय मालकी हा त्यातला आवडता शब्द. वेस्ट पॉइंटला वेढा घालण्याचा निर्णय पूर्णपणे राष्ट्रीय मालकीचा होता. मालक राष्ट्रातले नेमके कोण, हे तो शब्द सांगत नाही.

३० मार्च २०१८ला मोहीम बंद झाली. तिच्या पंधरा वर्षांत युद्ध परतले नाही, आणि शेवटच्या महिन्यांत सत्ता मतपेटीतून एकाकडून दुसऱ्याकडे गेली. हे यश लहान करून दाखवणे मला मान्य नाही. ज्या देशात सार्जंट अध्यक्ष झाला, तिथे सैन्य बराकीत राहिले.

बराकीतले पुढचे वर्तमान फेब्रुवारी २०२४चे आहे. मोन्रोव्हियाच्या आसपास रस्ते अडवले गेले, सशस्त्र सेना दिनाचा समारंभ रद्द झाला, आणि नव्याने नेमलेले संरक्षणमंत्री, जे त्याआधी सैन्यप्रमुख होते, काही दिवसांतच राजीनामा देऊन गेले. रस्ते अडवणारे सैनिक नव्हते. त्यांच्या बायका होत्या. मागण्यांत पगार होता, पेन्शन होते आणि बराकीतली वीज होती.