हमीचा नफा

जेऊरवरून जाणारा लोहमार्ग सोलापुरास पोहोचला तो १८६० साली. त्याचे मोल कोणी दिले, हे समजण्यास रमेशचंद्र दत्त यांचा हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ (खंड दुसरा, १९०४) वाचकांनी अवश्य पाहावा. १८४९ च्या करारान्वये जी. आय. पी. कंपनीस फुकट जमीन व भांडवलावर शेकडा ५ व्याजाची सरकारी हमी मिळाली. तूट आली तर ती रयतेच्या करातून भरावयाची. मग कंपनीने काटकसर का करावी? विलायती भांडवलवाल्यांच्या दडपणाने सरकारने कालव्यांच्या सुमारे नऊपट पैसा रेल्वेत ओतला, हे ग्रंथकार आकड्यांनिशी दाखवितात.

उणीव आम्हांस एकच वाटते. कारभारात प्रजेचे प्रतिनिधी आले म्हणजे हा दोष जाईल, असा दत्तांचा भरवसा आहे. परंतु नफा मक्तेदाराचा आणि तोटा तिजोरीचा, असा करार स्वकीय सरकारही करू शकते. या दुष्काळी मुलखात भीमेवरील उजनीचे धरण पुरे झाले ते १९८० साली, आगगाडीनंतर १२० वर्षांनी. आधी काय बांधावे हे कोणाच्या सांगण्यावरून ठरते, हा प्रश्न प्रजेने स्वराज्यातही विचारीत राहिले पाहिजे.