भिंतीवरचा वंश : तंजावूरचा १८०३चा शिलालेख आणि सार्वजनिक कलेचा वाचक

शहराच्या बाहेरच्या भिंती रंगवून वस्तीला नवे रूप देण्याचे प्रयोग गेल्या काही वर्षांत भारतात वारंवार झाले. दिल्लीची लोधी कॉलनी आणि चेन्नईचे कण्णगी नगर ही त्यांची परिचित उदाहरणे होत. कलाकृती दालनातून रस्त्यावर आली की ती लोकांची होते, असे या प्रयोगांविषयीच्या लेखनात बहुधा गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासण्यासाठी तंजावूरची एक जुनी भिंत उपयोगी पडते. बृहदीश्वर मंदिराच्या आवारात, नैऋत्य बाजूला, दुसऱ्या सरफोजींच्या आज्ञेने १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे. संहिता बाबूराव चिटणीसांची, भाषा मराठी, लिपी देवनागरी.

इतिहाससंशोधकांनी हा लेख साधन म्हणून वाचला. आरंभीच्या पिढ्यांचा भाग पुराणकथेकडे झुकतो, म्हणून त्याची विश्वसनीयता उणी ठरवली. पर्यटकांसाठीच्या पुस्तकांनी त्याची लांबी सांगून समाधान मानले. दोन्ही वाचनांतून निसटतो तो त्याचा प्रसंग. तुळजाराजांनी मृत्यूपूर्वी, १७८७ साली, सरफोजींना दत्तक घेतले. ते दत्तविधान अशास्त्रीय ठरवून अमरसिंह गादीवर आले. ११ वर्षांनी, १७९८ साली, कंपनी सरकारने निर्णय फिरवला आणि १७९९च्या तहाने राज्याचा कारभार स्वतःकडे घेतला. ज्याच्या वंशावर शंका घेतली गेली आणि ज्याच्या हाती किल्ल्याबाहेर सत्ता उरली नाही, अशा राजाने चारेक वर्षांत आपला वंश दगडावर लिहविला. शंकेचा उल्लेख करून तिचे खंडन करण्यापेक्षा पिढ्यांची अखंड ओळ समोर ठेवणे हे या संहितेचे उत्तर आहे. बखरीचा गद्यप्रकार या कामाला सोयीचा होता, कारण बखरीत वंशकथन आणि समर्थन वेगळे काढता येत नाही.

साताऱ्याकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. तिथेही १९व्या शतकाच्या प्रारंभी नाममात्र सत्ता उरलेल्या गादीसाठी मल्हार रामराव चिटणीस बखरी लिहीत होते. पण त्या कागदावर राहिल्या. त्यांचा वाचक दरबारी, मोडी जाणणारा, मराठी मुलखातला. तंजावूरची बखर मोडी सोडून देवनागरीत आणि कागद सोडून दगडावर आली. माध्यम बदलल्याने ती सर्वांच्या दृष्टीस पडू लागली. वाचक मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. गावाची भाषा तमिळ होती आणि तिच्या शेजारी तेलुगूही रुजलेली होती. देवनागरी मराठी गद्य सलग वाचू शकणारे लोक मंदिरात येणाऱ्यांपैकी थोडेच असणार.

सरफोजींना हे कळत नव्हते, असे म्हणता येत नाही. नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ त्यांनी किनाऱ्यावर उभारलेल्या मनोऱ्यात मराठीबरोबर तमिळ, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी लेखही आहेत. ‘देवेंद्र कुरवंजी’त त्यांनी एका तमिळ नाट्यप्रकाराला जगाचा भूगोल मराठीतून सांगायला लावले. शिवक्कोळुंदु देशिकरांची ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ तर तमिळमध्येच आहे, तिचा नायक स्वतः राजा आहे आणि ती याच मंदिरात सादर होत असे. म्हणजे एकाच आवारात राजाची स्तुती गावाच्या भाषेत आणि राजाचा वंश घराच्या भाषेत, अशी वाटणी झालेली दिसते. नाटक प्रेक्षकांसाठी होते. भिंतीवरचा लेख देव, कुळ आणि पुढचे वारस यांना उद्देशून होता. गावाने तो पाहायचा होता, आणि पाहिल्यावर एवढेच जाणायचे होते की येथे राजाचे काहीतरी लिहिले आहे. दर्शनी भिंतीवर असूनही ही संहिता खाजगी आहे.

याच मंदिराचा आणखी एक लेखसमूह या संदर्भात टाळता येत नाही. राजराज चोळाच्या काळात, ११व्या शतकाच्या आरंभी कोरलेल्या तमिळ लेखांत दानांच्या याद्या आहेत. शिवाय निरनिराळ्या देवळांतून आणून वसवलेल्या ४०० नर्तकींची नावे आहेत. कोणती कुठून आली, कोणत्या रांगेतल्या कितव्या घरात राहते, हेही दिले आहे. प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला १०० कलम धान्य. यादीत पुढे वादक, शिंपी, न्हावी, परीट, सोनार येतात. ही यादीही राजाज्ञाच आहे, आणि गाव सोडून येण्याविषयी त्या स्त्रियांना कोणी विचारले असेल असे मानण्यास आधार नाही. तिला लोककलेचे भाबडे रूप देणे चुकीचे ठरेल. तरीही वाङ्मयीन दृष्टीने पाहता, रुक्ष हिशेबाची ही संहिता अलंकृत वंशकथेपेक्षा अधिक वस्तीची आहे. तिच्यात गाव पत्त्यासह हजर आहे. मराठी लेखाने बखरीची सारी कथनशक्ती वापरून राजे उभे केले. त्यांचा वंश जिथे नांदला त्या नगराला त्याने बोलते केले नाही. मराठी अभ्यासकांनी या लेखाविषयी बाळगलेल्या अभिमानात ही उणीव सहसा झाकली जाते.

काळाने या वाचनात एक गुंतागुंत वाढवली. तंजावूरच्या मराठी घरांत आजही दक्षिणी मराठी बोलली जाते, पण अनेकांना देवनागरीपेक्षा तमिळ लिपी जवळची वाटते. ज्या कुळांच्या स्मृतीसाठी हा लेख होता, त्यांच्यातही तो सलग वाचणारे कमी होत गेले. दुसरीकडे, फेब्रुवारी २०२०च्या कुंभाभिषेकात मंत्र तमिळ असावेत की संस्कृत, हा वाद मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे गेला आणि दोन्ही भाषांना जागा मिळाली. वादाचे दोन्ही पक्ष ज्या भिंतीच्या आत उभे होते, तिच्यावर तिसरी भाषा २१७ वर्षे लिहिलेली होती. तिच्या वतीने काही मागणारे कोणी नव्हते.