मागणी कोणाची, बातमी कोणाची?

‘वाचकांना हेच हवे असते’ हे समर्थन वृत्तमाध्यमांच्या चर्चेत इतक्या वेळा येते, की तो अर्थशास्त्राचा नियमच वाटू लागतो. माझ्या मते ते अर्थशास्त्राच्याच कसोटीला उतरत नाही.

मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे. इच्छा, ऐपत आणि पैसे मोजण्याची तयारी या तिन्हींचा मेळ बसला, तरच ती मागणी. मोबाइलवर फुकट बातमी उघडताना तिसऱ्या अटीची परीक्षाच होत नाही. क्लिकची संख्या सांगते ती एवढेच, की किंमत शून्य असताना किती माल उचलला गेला.

शिवाय वाचक काहीच देत नाही, असेही नाही. माहिती वाढली की लक्ष दुर्मीळ होते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते. वाचक हे लक्ष देतो आणि माध्यम ते जाहिरातदाराला विकते. ही रीत जुनी आहे. न्यूयॉर्कमधील इतर दैनिके सहा सेंटला मिळत असताना बेंजामिन डे यांनी १८३३ मध्ये ‘सन’ एका सेंटला विकले आणि जाहिरातींवर भिस्त ठेवली. तेव्हा ‘हेच हवे असते’ यातली पैसे मोजणारी मागणी बरीचशी जाहिरातदाराची असते. नाव मात्र वाचकाचे लागते.

वाचकाला किंमत विचारली, तर काय होते? ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००५ मध्ये स्तंभलेखकांचे लेखन सशुल्क केले आणि २००७ मध्ये तो प्रयोग गुंडाळला. २०११ मध्ये मात्र महिन्याला वीस लेख मोफत, पुढे शुल्क, अशी योजना आणली. २०१२ मध्ये वाचकांकडून आलेले उत्पन्न जाहिरातींच्या उत्पन्नापेक्षा जास्त झाले. किंमत लावताच सगळेच वाचक पळून जातात, हा समज त्याने खोटा ठरवला.

पण हा दाखला आपल्या तालुक्याला लागू पडत नाही. त्या दैनिकाला जगभरचा इंग्रजी वाचक आहे. क्रिकेटच्या धावसंख्येला शंभर पर्याय असतात. जिल्हा परिषदेच्या रखडलेल्या पाणीयोजनेच्या बातमीला एकही नसतो. पर्याय नसल्याने तिची मागणी कमी लवचीक असेल, पण गिऱ्हाईकच मोजके. उलट तिचा लाभ ती न वाचणाऱ्यालाही होतो, कारण नळाला पाणी आले तर ते साऱ्या गावाला येते. हा लाभ मागणीच्या वक्रात दिसत नाही.

म्हणून अशी बातमी बंद पडते, तेव्हा ‘मागणी नव्हती’ हा निष्कर्ष मला अपुरा वाटतो. गरज होती, ती मोजणारे माप नव्हते. मापातला हा दोष वाचकाच्या अभिरुचीवर ढकलणे टीकेने तरी थांबवावे.