उत्तरं मराठीत आली, प्रश्नांचं काय?

मराठी विज्ञान परिषदेवर जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं गौरवाचं असतं: वर्धापनदिन, अधिवेशन, पुरस्कार. त्याने संशोधन करू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ही संस्था नेमकं काय मानून चालत आली आणि ते मानणं कुठे अपुरं पडतं, हे पाहायला हवं. मी ते कर्जत-खालापूरच्या बाजूने पाहतोय.

परिषदेची स्थापना मुंबईत २४ एप्रिल १९६६ रोजी झाली. राज्य होऊन सहा वर्षं झाली होती, मराठी राजभाषा अधिनियम नुकताच आला होता आणि 'विज्ञान मराठीत मांडता येईल का?' हा तेव्हाचा खरा प्रश्न होता. परिषदेने त्याचं उत्तर पत्रिका, व्याख्यानं आणि स्पर्धांमधून दिलं. सगळ्यांना माहीत असलेला पुरावा म्हणजे १९७४ची विज्ञानकथा स्पर्धा. जयंत नारळीकरांनी तिच्यात 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली (आद्याक्षरं उलटी वाचा) आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. हा किस्सा आपण नारळीकरांच्या प्रामाणिकपणासाठी सांगतो. मला त्यात दुसरंही दिसतं: कृष्णविवरासारखा विषय मराठी कथेत पेलतो, हे परीक्षकांनी लेखकाचं नाव न पाहता मान्य केलं. तिथे भाषेचा प्रश्न निदान तत्त्वतः तरी मिटला.

अडचण त्याच्या पुढची आहे. भाषा बदलली, वाहतुकीची दिशा बदलली नाही. ज्ञान प्रयोगशाळेत तयार होतं, जाणकार ते सोपं करतो, सामान्य माणूस ते घेतो. विज्ञानसंवादाच्या अभ्यासात याला 'डेफिसिट मॉडेल' म्हणतात, म्हणजे लोकांकडे ज्ञानाची तूट आहे आणि आपण ती भरून काढायची. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीचा १९८५चा बॉडमर अहवाल याच वळणाचा मानला जातो. त्यामुळे हा फक्त आपल्याकडचा दोष आहे असं समजू नका.

या मॉडेलला जबर धक्का दिला तो ब्रायन विन यांच्या अभ्यासाने. तुमच्या वाचनयादीत तो नसेल तर आजच टाका. १९८६च्या चेर्नोबिल अपघातानंतर इंग्लंडमधल्या कम्ब्रियाच्या डोंगरांवर किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर उतरलं. मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली आणि शास्त्रज्ञ म्हणाले, तीन आठवड्यांत सगळं सुरळीत होईल. त्यांचा हिशेब चिकणमातीवर बेतलेला होता. डोंगरावरची माती आम्लधर्मी, पीटची, आणि तिथे सीझियम गवतात पुन्हा पुन्हा चढत राहिलं. ब्रिटनमधले शेवटचे निर्बंध उठायला २०१२ उजाडलं. उपाय शोधायच्या एका प्रयोगात मेंढ्या कुंपणात कोंडायच्या होत्या. मोकळ्या डोंगरावरची मेंढी कोंडली की खंगते, हे मेंढपाळ सांगत होते, पण कोणी ऐकलं नाही आणि तो प्रयोग पुढे गुंडाळावा लागला. मेंढपाळांना अणुभौतिकी येत नव्हती, शास्त्रज्ञांना डोंगर येत नव्हता. तूट दोन्हीकडे होती, मोजली मात्र एकीकडचीच.

आता खालापूर. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे तेव्हा सरकारनेच सांगितलं. पुढचे काही दिवस दरडी का कोसळतात यावर मराठीत भरपूर लिहून आलं. शब्द तयार होते, समजावणारे तयार होते, आणि याचं थोडं श्रेय परिषदेच्या कामालाही जातं. पण यादी कशी बनते? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं देशभराचं दरडप्रवणता मानचित्रण १:५०,००० या प्रमाणावर केलेलं आहे. म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर नकाशावर २ मिलिमीटर. पन्नासेक घरांची ठाकरवाडी त्यात किती दिसणार? शिवाय अशा नकाशांचा मोठा आधार असतो आधी पडलेल्या दरडींची नोंद. जिथे पायवाटेनेच जावं लागतं तिथली छोटी दरड नोंदवणार कोण? नोंद नाही म्हणून धोका कमी दिसतो, आणि धोका कमी दिसतो म्हणून कोणी नोंदवायला जात नाही.

वाडीतल्या लोकांना आधीच सगळं कळलं होतं, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं हा उलटा भाबडेपणा झाला. मुद्दा एवढाच, की कुठल्या उतारावर कधी माती सरकली ही माहिती वाडीवरून वर जाण्याची वाट आपल्या विज्ञानप्रसारात कोणी आखलीच नाही. इर्शाळवाडीचा दोष परिषदेच्या माथी मारणं हास्यास्पद ठरेल. पण ती वाट आखणं हेही विज्ञानप्रसाराचं काम आहे, असं १९६६च्या कल्पनेत नव्हतं आणि आजही ते ठळकपणे दिसत नाही.

ते होऊ शकतं, याला दाखला आहे. केरळ शास्त्र साहित्य परिषद १९६२ची, म्हणजे आपल्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठी. तिचीही सुरुवात मातृभाषेत विज्ञान लिहिण्यापासूनच झाली. पण सायलेंट व्हॅलीच्या धरणावर तिने स्वतः अभ्यास करून सरकारला प्रश्न विचारले. याची किंमतही असते, संस्थेवर राजकीय शिक्का बसतो. मराठी विज्ञान परिषदेने तो टाळला, म्हणूनच तिच्या व्यासपीठावर सगळ्या रंगांची माणसं आली, हेही खरं. मला हा सौदा तोट्याचा वाटतो. तुम्हाला वाटणार नाही कदाचित.

गंमत म्हणजे परिषदेचाच एक उपक्रम वेगळ्या वाटेने जातो: शहरी शेती. गच्चीत, बाल्कनीत, घरातल्या ओल्या कचऱ्यावर भाजी पिकवायची. इथे शिकणारा स्वतःच्या कुंडीतलं निरीक्षण घेऊन येतो, आणि सांगितलेली रीत त्याच्या गच्चीवर चालली नाही तर ते तो तोंडावर सांगतो. हेच सूत्र चुनाभट्टीच्या विज्ञान भवनातून कर्जतच्या भातखाचरात का उतरू नये? तिथे कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. कशेळ्याला अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने जुन्या स्थानिक भातवाणांचा संग्रह केला आहे. बियाणं गोळा करायचं तर ते कुठल्या जमिनीत येतं, पाऊस लांबला तर काय होतं, हे पेरणाऱ्यालाच विचारावं लागतं.

आता तुमच्या प्रस्तावाकडे येतो. 'अमुक तालुक्यातील विद्यार्थ्यांचा वैज्ञानिक दृष्टिकोन: एक अभ्यास' या छापाची शीर्षकं तुम्हीही पाहिली असतील. पंचवीस प्रश्न, होय-नाही, टक्केवारी, निष्कर्ष 'जागृतीची गरज'. ही प्रश्नावली तूट मोजण्यासाठीच बनवलेली, त्यामुळे तूट सापडतेच. भिवपुरीचं जलविद्युत केंद्र १९२२चं. वीज करून सुटलेलं पाणी राजनाला कालव्यातून कर्जतच्या उन्हाळी भाताला मिळतं. तुमच्या प्रश्नावलीत 'पाण्यापासून वीज कशी तयार होते?' असेल, तर राजनाल्यावरचा शेतकरी नापास होऊ शकतो. 'पाणी कधी सुटतं, शेवटच्या शेतापर्यंत किती पोचतं, कमी आलं तर कोणाचं भात आधी वाळतं?' हे विचारा, आणि मग त्याची उत्तरं तपासायला तुमच्याकडे कुठली आकडेवारी आहे ते शोधा.