चहाचे क्रियापद

डी. एच. लॉरेन्सची ‘ओडर ऑफ क्रिसॅन्थेमम्स’ (१९११) ही कथा मराठीत आणताना मी अडलो, तो एका कप चहापाशी. नॉटिंगहॅमशरच्या कोळसा-पट्ट्यात इंजिन चालवणारा म्हातारा लेकीच्या फाटकासमोर गाडी थांबवून चहा मागतो. ‘मॅश’ करते, असे सांगून ती आत जाते.

मॅश म्हणजे कुस्करणे, असे कोश सांगतो. पूर्व मिडलंड्समध्ये मात्र पानांवर उकळते पाणी ओतून चहा मुरू देणे म्हणजे मॅश. लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणची बोली नोंदवून घेतली. त्यात या एवढ्याशा कृतीला मॅश, ब्रू, वेट, स्टीप असे वेगवेगळे शब्द मिळाले. लँकेशरात आलेल्याला नुसते ‘ब्रू?’ म्हटले तरी पुरते. स्कॉटलंडात मॅशचाच ‘मास्क’ होतो.

मॅश आणि ब्रू हे मुळात बिअर गाळणाऱ्यांचे शब्द. मोड आणून वाळवलेली बार्ली गरम पाण्यात भिजवणे म्हणजे मॅश. कष्टकऱ्यांच्या घरात चहाने रोजच्या बिअरची जागा घेतली आणि तिची क्रियापदेही घेतली. कथेत हाच चहा पिता पिता बाप जावयाच्या पिण्याची ताजी बातमी देतो!

बाप पुन्हा लग्न करतो आहे. ते तिला फार लवकर वाटते, आणि ती तसे बोलूनही दाखवते. एरवी तिची भाषा बरीचशी शुद्ध, बापाची अधूनमधून बोलीकडे झुकणारी. अशा लेकीच्या उत्तरात, तेही अवतरणचिन्हांशिवाय, लॉरेन्स गावचे क्रियापद ठेवतो. नाराज लेक बापाला घरच्याच शब्दात चहा देते. समीक्षकांचे लक्ष शेवटच्या प्रेताच्या प्रसंगाकडे असते. मला कथेतली माया इथे दिसते.

म्हणून ‘चहा करते’ हे भाषांतर मला चालेना. ‘मुरवते’ अचूक होते, पण त्याला लोणच्याचा वास. अखेर ‘चहा टाकते’ लिहिले. आपण आधणात पावडर टाकतो, ते पानांवर आधण ओततात. कृती उलटी, पण शब्द स्वयंपाकघरातला. बिअरचा धागा मात्र तुटला. त्यावर मला उपाय सापडलेला नाही.